हमीदभाई, साबणानं हात धुवा

हमीदभाई, आज बारावा दिवस. तुमच्यात बारावं नसतं, चाळिसावं असतं, मला ठाऊक आहे. पण मी वाटूरचा शेतकऱ्याचा पोरगा, माझी बोटं आपोआप बारापर्यंत मोजतात आणि थांबतात. बारा दिवस मला एका जागी बसवत नाही. खुर्चीत बसतो, उठतो, गेटपर्यंत जातो, परत येतो. बायको म्हणते, "अहो, एक तर बसा, न्हाई तर फिरा, असं मधातच उभं राहू नका." तिला काय सांगू? तुमचं-माझं भांडण अर्धं राह्यलंय आणि तुम्ही खुशाल निघून गेलात. असं कुणी करतं का?

मय्यतीला मी आल्तो. माती दिली. तुमचे जावई हात जोडून म्हणाले, "सायेब, अब्बांना माफ करा, काही चुकलं असंल तर." मी मान हलवली आणि बाजूला झालो. त्या पोराला काय माहीत माफी कुणी कुणाची मागायची ते! मला तुमच्या कानाशी वाकून एक गोष्ट बोलायची होती, पण भोवती माणसं होती, आणि खरं सांगायचं तर माणसं नसती तरी मी बोललो नसतो. सात वर्षं बोललो नाही. म्हणून आता लिहून राह्यलोय.

तुमची बोटं कशानं मेली ते मला माहीत होतं. अंदाज नव्हे, छापील माहीत होतं. आणि मी गप्प बसलो. हे एकदाचं लिहून टाकलं. आता बाकीचं बोलू.

जालन्याचा जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाल्ती तेव्हा मी कंपनीत लागलो. डिप्लोमा हातात, अंगात नवा कोरा टेरिलीनचा शर्ट, आईनं नोकरीसाठी म्हणून नव्या जालन्यातून घेतलेला. आपली कंपनी म्हणजे सरकीच्या पेंडीत उरलेलं तेल सालवंटनं धुऊन काढायची. सालवंट म्हणजे पेट्रोलचाच भाऊ, पाण्यासारखा दिसणारा, वाफ डोळ्यांना न दिसणारी आणि एका ठिणगीची वाट पाहणारी. प्लांटच्या दाराशी लाकडी पेटी होती आणि पेटीशी तुम्ही. फिटर तुम्ही, पण रुबाब असा की जणू किल्लेदार. म्हणालात, "खिशे खाली करा." काडेपेटी, किल्ल्या, लोखंडी कंगवा, सगळं पेटीत गेलं. चपलेला खिळे आहेत का ते तुम्ही वाकून पाह्यलं. मंग माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चुरगाळली.

"हा काढा."

"शर्ट? अहो, नवा आहे!"

"नवा असू द्या न्हाई तर नवऱ्याचा असू द्या. टेरिलीन हाये. घरी काढताना चटचट करतं का न्हाई? तीच चटचट इथं झाली तर तुमच्या अम्मीला मी काय सांगू?"

तुम्ही तुमची सुती बंडी काढून मला दिली आणि स्वतः दुसरी आणायला गेलात. नोकरीचा पहिला दिवस मी फिटरच्या बंडीत काढला. सगळे हसले. मला इतका राग आल्ता की ती बंडी मी धुवून परत करायची सोडून महिनाभर तशीच ठेवली. तुम्ही मागितली नाही.

आणि त्याच दिवशी सुटी होताना तुम्ही मला दुसरी गोष्ट शिकवलीत. बाहेर नळापाशी एक मोठी पितळी परात असायची, तिच्यात चार बोटं सालवंट. दिवसभराचं ग्रीस, काळं तेल, रंग, काही असू द्या, हात बुडवून चोळले की साफ. वर हात गार पडायचे, आणि फडकंसुद्धा लागायचं नाही, मिनिटात कोरडे. "साबण लावत बसलात तर बस चुकंल," तुम्ही म्हणालात. आख्खी पाळी त्या परातीवर हात धुवायची. आत येताना खिळा चालत नव्हता, शर्ट चालत नव्हता, आणि बाहेर पडताना आपण त्याच सालवंटनं हात धुवून घरी जेवायला जायचो. आज हे लिहिताना मला माझाच संताप येतो. इतकी काळजी घेणारी माणसं आपण, सगळी काळजी आगीची घेतली.

जमिनीखालच्या टाकीचं आठवतंय ना? तुम्हाला नाही आठवणार तर कुणाला! दर वर्षी हंगाम सरला की ती रिकामी करायची, आत पाण्याची वाफ सोडायची, दोन दिवस हवा मारायची. मंग तुम्ही झाकणावर उपडं पडून वास घ्यायचात. तुमचं नाक हाच आपला मीटर. "उतरतो," म्हणालात की उतरायचं. कमरेला सुती दोर, दोराचं टोक माझ्या हातात. मी शंभर मोजायचे, तुम्ही खालून एक झटका द्यायचा, म्हणजे सगळं बराबर. आत तुम्ही जोड तपासायचात, गंज खरवडायचात, पत्रा कुठं पातळ झालाय ते पितळी हातोडीच्या आवाजावरून सांगायचात.

त्या वर्षी शंभर झाले आणि झटका आला नाही. मी आणखी वीस मोजले. का मोजले? वाटलं, हमीदभाई कामात असतील. मी एकशे वीस म्हणालो आणि बाकीच्यांना हाक मारली. तिघांनी मिळून तुम्हाला ओढून काढलं. ओठ काळेनिळे, डोळे अर्धे उघडे. मी तुमच्या गालावर इतक्या चापट्या मारल्या की नंतर दोन दिवस तुम्ही गाल दाखवत फिरत होता. डोळे उघडले आणि तुमचं पहिलं वाक्य काय? "चष्मा आत राह्यला." आणि उठायला लागलात, चष्मा आणायला!

मी ओरडलो. जितकं ओरडता येतं तितकं ओरडलो. "ह्या टाकीत आता माणूस उतरणार न्हाई! बिलकुल न्हाई!"

"मंग काय बकरी उतरवता?"

"मशीन उतरवीन!"

तुम्ही झोपल्या झोपल्या हसलात. ते हसू मी पैज म्हणून घेतलं. म्हणजे बघा, रागात बोललेल्या एका शब्दापायी मी तीन वर्षं घालवली. तुम्हीही घालवलीत.

शेठनं आधी हात झटकले. मंग त्या काळ्यानिळ्या ओठांची गोष्ट चार ठिकाणी पसरली आणि शेठनं गोदामामागची शेड दिली. तिथं आपलं मुंगूस जन्माला आलं. नाव तुमचंच. "बिळात जातं, बघून येतं, चावत न्हाई," तुम्ही म्हणालात, "आणि तुमी गारुडी."

त्याला वीज द्यायची नाही, हे पहिल्या दिवशी ठरलं. चाकं फिरवायला हवेवर चालणाऱ्या जुन्या ड्रिलची मोटर. पण बघायचं तर कॅमेरा पाहिजे, आणि कॅमेऱ्याला न् दिव्याला वीज लागतेच. मी रेल्वे स्टेशनाजवळच्या फोटो स्टुडिओतून लग्नाच्या शूटिंगचा जुना कॅमेरा आणला. तो दिव्यासकट एका बंद डब्यात बसवला, पुढं जाड काच. डब्यात बाहेरची चांगली हवा सतत दाबानं भरत राहायची, म्हणजे थोडी फट राह्यली तरी हवा बाहेर पडेल, वाफ आत शिरणार नाही. आणि दाब जरा कमी झाला की बाहेरच्या बाहेर वीज बंद. ही माझी अक्कल. तिचा मला गर्व होता, अजून आहे. पहिल्यांदा टीव्ही जोडला तेव्हा आत टेप राह्यलेली होती. टाकी दिसायच्या ऐवजी कुणाच्या तरी लग्नातली नवरी हार घालून उभी! तुम्ही म्हणालात, "सायेब, मुंगसाला बिळात बायको सापडली." दोन दिवस शेडमध्ये दुसरा विषय नव्हता.

धड ॲल्युमिनियमचं करायचं, हे माझं. हलकं पडतं, दोघांना उचलता येतं. तुम्ही नाही म्हणालात. का, तर नीट सांगता येईना तुम्हाला. मी पुस्तक उघडून बसलो आणि तुम्ही मला हाताला धरून प्लांटपासून लांब, पार कुंपणापाशी नेलंत. तिथं गंजलेली सळई पडली होती. तिच्यावर ॲल्युमिनियमचा तुकडा घासला, पांढरा पट्टा उमटेपर्यंत घासला, आणि त्यावर हातोडा मारला. चांगली टपोरी ठिणगी उडाली. "टाकीत गंज हाये का न्हाई?" एवढंच विचारलंत. मुंगूस पितळेचं झालं. चौघांना उचलावं लागायचं, आणि दर वेळी उचलताना मी तुम्हाला शिव्या द्यायचो.

आता चाकांचं सांगतो. तिथूनच सगळं सुरू झालं.

लोखंडी चाक ठिणगी पाडतं, पितळी चाक घसरतं. मी चाकांना रबर चढवलं. रबर म्हणजे सुरक्षित, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. पायात रबरी चप्पल असली की शॉक लागत नाही, कुणालाही विचारा. मी खूश होतो. पंधरा दिवसांवर शेठसमोर ट्रायल ठेवली होती. एप्रिलचा महिना, आपल्याकडची ती कोरडी धग. शेडमध्ये मुंगूस अर्धा तास पळवलं, प्लॅस्टिकच्या नळीतून हवा सूं सूं करत चाललेली. तुम्ही त्याच्या बाजूला उकिडवे बसलात आणि कोपर त्याच्या पाठीला लावलंत. आणि दचकलात.

"सायेब, इथं हात लावा."

मी लावला. काही नाही. "काय झालं?"

"होती ती चटचट आता मी पिऊन घेतली ना. परत पळवा. अर्धा तास."

मी कुरकुरलो. ट्रायल तोंडावर, आणि ह्यांचं काय नवीन! पण पळवलं. मंग बोट लावलं आणि टक् झालं. एवढंसं. टेरिलीनच्या शर्टाइतकं. मी गाडीखाली वाकून पाह्यलं. रबरामुळं गाडी जमिनीपासून तुटलेली होती, हवेच्या घर्षणानं तिच्यात वीज साठत होती, जायला वाट नव्हती. टाकीत ती कुठंही टेकली असती आणि नेमकी तेवढी ठिणगी पडली असती. हमीदभाई, मी डिप्लोमाधारक माणूस, मी तुमच्या टाकीत काडेपेटी सोडायला निघालो होतो.

तुम्ही हसत होता. "तुमच्या गाडीनं टेरिलीन घातलंय. काढा." आणि मोंढ्यात तुमच्या मेव्हण्याच्या दुकानातून जुन्या तराजूची पितळी साखळी आणलीत, पेट्रोलच्या टँकरला मागं लोंबते तशी लावायला. रबर काढलं, पितळी चाकांना खाचा पाडल्या, आणि साखळीबरोबर एक जाड तांब्याची तार टाकीच्या काठाला पक्की बांधायची ठरवली.

हे सगळं मी पुढं चार लोकांत सांगितलं, आणि दर वेळी तुमचं नाव घेऊन सांगितलं. ती लबाडी मी केली नाही. माझी लबाडी वेगळी आहे.

त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, "कोपर का लावलं? बोट का न्हाई?"

तुम्ही शेडच्या दाराकडं पाह्यलंत. कुणी नव्हतं. म्हणालात, "बोटाला कळत न्हाई आता. टोकं बधिर झाली. शर्टाचं बटन बायको लावती. कुणाला सांगू नका सायेब, शेठला कळलं तर मला गेटवर बसवील खुर्ची देऊन."

मी म्हणालो, "न्हाई सांगत."

चार-पाच दिवसांनी माझ्या हातात सालवंट पुरवणाऱ्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, आठ-दहा पानांचं. वाफ किती गरम झाल्यावर पेट घेते ते बघायला मी मागवलं होतं. ते मिळालं, लिहून घेतलं, आणि सहज पान उलटलं. पुढच्या पानावर लिहिलेलं की ह्याची वाफ वर्षानुवर्षं हुंगली, कातडीला लागत राह्यली, तर हातापायाच्या नसा मरतात. सुरुवात बोटांच्या टोकांपासून. लवकर काम सोडलं तर माणूस बराच सावरू शकतो. मी ते तीनदा वाचलं. खिडकीतून तुम्ही दिसत होता, परातीत हात चोळत, कुणाची तरी टवाळी करत.

मी पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लावला.

का? स्वतःला सांगितलेलं कारण असं की तुम्हाला वचन दिलंय. बोललो तर तुम्ही गेटवर बसाल, तुमचा मान जाईल. किती छान कारण! खरं कारण असं की तुमच्याशिवाय मुंगूस होणार नव्हतं. ट्रायल पुढं गेली होती, शेठ कंटाळला होता, आणि माझी अक्कल कुठं संपते ते मला त्या टक् आवाजानं कळलं होतं. मी म्हणालो, दोन महिने. मुंगूस एकदा टाकीत जाऊन येऊ दे, मंग सांगतो. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. माणूस आत उतरू नये म्हणून मशीन करत होतो, आणि त्या मशीनसाठी एका माणसाला रोज त्याच वाफेत उभं करत होतो. तुमच्या बरं होण्याचे दिवस मी मशीनमध्ये घातले.

आणि मी काय केलं माहीत आहे? साबण आणला. नळावर साबणाची वडी ठेवली. म्हणालो, "हमीदभाई, साबणानं हात धुवा."

तुम्ही म्हणालात, "साबणानं ग्रीस निघत न्हाई."

"दोनदा लावा."

"सायेब शेठचं सालवंट वाचवून राह्यले," तुम्ही बाकीच्यांना सांगितलंत, आणि सगळे खदाखदा हसले. त्या दिवसापासून ते आपलं रोजचं भांडण झालं. मी सुटीच्या वेळी नळावर उभा, "साबण!" तुम्ही परातीत हात बुडवून, "बराबर सायेब!" एकदा मी रागानं परात लाथाडली. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी परात तिथंच, पोचा ठोकून सरळ केलेली. एक वाक्य बोलायचं होतं मला, हमीदभाई. "ह्यानंच तुमची बोटं चाललीत." चार शब्द. ते सोडून मी हजार वेळा साबण म्हणालो. मी स्वतः मात्र त्या दिवसापासून परातीत हात घातला नाही. हेही लिहून ठेवतो.

मुंगूस टाकीत गेलं तो दिवस. तांब्याची तार बांधली, तुम्ही ती तीनदा ओढून पाह्यली. डब्यातला दाब बघितला. चौघांनी सोडलं, साखळी खळखळत खाली गेली. तुम्ही काठावर बसून नळी मनगटावर धरली होती, मोटर कशी चाललीय ते तुम्हाला मनगटावर कळायचं. टीव्हीवर आधी नुसता करडा पडदा, मंग जोडाची रेघ, मंग गंजाचे फोड. मधल्या जोडाखाली एक खड्डा, नखाएवढा. तुम्ही टीव्हीवर बोट ठेवलंत. "हा. हा मला कधी दिसला नसता, तिथं माझं डोकं पोचत न्हाई." आणि जरा वेळानं, कुणाला उद्देशून नाही असं, "सोळा वर्षं ह्या टाकीत उतरलो. टाकी आज पाह्यली."

शेठनं पेढे मागवले. तुमचे डोळे भरले होते, माझेही. मला वाटलं, आता. आता सांगतो. मी तुमच्याजवळ आलो, तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "पेढा घ्या." तुम्ही हात धुवायला गेलात. परातीत.

त्यानंतर तुम्ही दोन हंगाम राह्यलात. मुंगूस तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हतं, आणि मी ते कुणाला शिकवलंही नाही. मंग तुमची चाल बदलली. पाय आपटत चालायला लागलात, जमीन कुठं आहे ते चाचपत. एक दिवस चप्पल निसटली आणि तुम्ही अनवाणी अर्धा प्लांट चालून गेलात, तुम्हाला पत्ता नाही. त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "बस झालं सायेब." निरोपाला शेठनं घड्याळ दिलं. मी भाषण केलं. भाषणात बोटं आली नाहीत.

जुन्या जालन्यात तुमच्या घरी मी येत राह्यलो, पहिल्यांदा महिन्याला, मंग सणावाराला. तुम्ही काठी टेकून दाराशी यायचात. ईदचा शीरखुर्मा तुम्ही दोन्ही तळहातांत वाटी धरून द्यायचात, आणि मी ती वाटी घाईनं घ्यायचो. आणि गेल्या महिन्यात, तुमच्याच घराच्या तीन पायऱ्या. तिसरी तुमच्या पायाला कळली नाही. खुबा मोडला, अंथरुणाला खिळलात, मंग छातीत कफ. लोक म्हणतात, वय झालं होतं. कसलं वय? माझ्याहून आठ वर्षांनी मोठे तुम्ही. मला त्या माणसांच्या तोंडावर ओरडावंसं वाटतं.

तिसऱ्या दिवसाच्या जियारतीनंतर भाभींना भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला. इकडचं तिकडचं बोलल्या. आणि मंग म्हणाल्या, "भाईसाब, एक बात बोलू? त्यांनी मना केल्तं, पण आता काय. त्यांना मालूम होतं."

"काय?"

"औरंगाबादच्या डॉक्टरनं सांगितल्तं. डोळे मिटायला लावले आणि एकेक बोट धरून विचारलं, कोणतं धरलं सांगा. ह्यांना बराबर सांगता येईना. डॉक्टर म्हणला, ते तेलाच्या कंपनीचं काम आजच्या आज सोडा. तुमचं ते मशीन बनून राह्यल्तं तव्हाची गोष्ट."

मी कप खाली ठेवला.

"मी म्हणले, सोडा मंग. तर म्हणले, मी सोडलं तर मशीन अर्धं राहील आणि दुसरं कुणी टाकीत उतरंल. एकदा होऊ दे. आणि मला कसम घातली, सायेबाला बिलकुल सांगू नको. सायेबाला कळलं तर तो मशीन-बिशीन काही बघणार न्हाई, त्याच दिवशी मला हाताला धरून बाहेर काढील. तसा माणूस हाये तो."

हमीदभाई, मला कळलेलं होतं.

तुम्ही ज्या माणसाला घाबरून लपवत होता तो माणूस मी नव्हतोच. तुम्ही समजत होता तसा मी असतो तर तुम्ही आज काठीशिवाय चालत असता. मी भाभींना काही बोललो नाही. पुन्हा नाही बोललो! उठलो, त्याच तीन पायऱ्या उतरताना तिसरीवर थांबलो, आणि मला खाली पाय टाकवेना. तुमच्या जावयानं हात दिला तेव्हा उतरलो.

तेव्हापासून हे जास्तच वाढलंय, बसा-उठा, बसा-उठा. तुम्ही मला शिव्या तरी द्यायला हव्या होत्या. ते अर्धं भांडण मी एकटा कसं पुरं करू? तुमचंही चुकलं, हेही सांगतो. तुम्ही मला न विचारता मला मोठा करून ठेवलंत. विचारलं असतंत तर कदाचित मी खोटं बोललो नसतो. कदाचित. बघा, अजून कदाचित म्हणून राह्यलोय.

आज सकाळी कामावर गेलो. सुटीच्या वेळी नळावर आलो. तुमच्या जागी आता आष्टीचा ज्ञानोबा आहे, तुम्ही त्याला पाह्यलंय, तेव्हा तो पेंडीच्या पोत्यांवर होता. पस्तिशीचा गडी, दोन पोरी आहेत त्याला. मुंगूस आता तोच चालवतो. साबणाची वडी नळावर वाळून भेगाळलेली. आणि ज्ञानोबा तुमच्या परातीत, तुम्ही पोचा काढलेल्या परातीत, कोपरापर्यंत हात धुवून राह्यला होता.

माझ्या तोंडावर तेच आलं. "ज्ञानोबा, साबणानं..." आणि मी थांबलो.

"हात पूस. इकडं ये. डोळे मिट."

"काय सायेब, जादू करता का?" तो हसत पुढं आला. बाकीचे गोळा झाले. त्यानं डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढं केले, पोरानं खाऊसाठी करावेत तसे. मी त्याचा अंगठा धरला.

"कोणतं?"

"अंगठा."

मधलं बोट धरलं. त्यानं जरा वेळ घेतला. "हे... मधलं."

मी त्याच्या करंगळीचं टोक चिमटीत धरलं. हलकेच. वाट पाह्यली. तो डोळे मिटून, हसरं तोंड करून उभा.

"धरा की सायेब," ज्ञानोबा म्हणाला.

मी ते बोट सोडलं नाही. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, तुमचं नाव घेऊन, ते पुस्तक, तो ड्रॉवर, ते चार शब्द, सगळं बोललो. आणि त्याला तसाच हाताला धरून प्लांटच्या बाहेर काढलं, शेठच्या केबिनमध्ये नेलं.